निर्णय, निर्वाह आणि निवेदन : ‘स्मृतिचित्रे’तील दैनंदिन सचोटीचा विचार

प्रस्तावना

मराठी आत्मचरित्रपर वाङ्मयात लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाचे स्थान निर्विवाद आहे. १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाची चर्चा गेली अनेक दशके प्रामुख्याने तीन गुणांच्या अनुषंगाने होत आली आहे : निवेदनातील प्रांजळपणा, नर्मविनोद आणि घरगुती बोलीचा सहज वापर. हे तीनही गुण ग्रंथात आहेत, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. तथापि प्रांजळपणा हा केवळ शैलीचा गुण मानला की एक महत्त्वाची गोष्ट नजरेआड होते. ‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ सचोटीने लिहिला गेला आहे, एवढेच त्याचे वैशिष्ट्य नाही. सचोटीने जगणे म्हणजे काय, आणि त्या जगण्याची किंमत कोणी मोजायची, हाच या ग्रंथाचा एक प्रमुख विषय आहे.

प्रस्तुत लेखात या दृष्टीने ‘स्मृतिचित्रे’चा विचार केला आहे. या विवेचनासाठी सचोटीची तीन अंगे मानली आहेत. स्वतःला पटलेल्या सत्यानुसार कृती करणे ही निर्णयाची सचोटी होय. त्या कृतीमुळे उत्पन्न होणाऱ्या परिणामांची रोजच्या रोज काळजी वाहणे ही निर्वाहाची सचोटी होय. घडले ते स्वतःला किंवा दुसऱ्याला सोयीचे न करता सांगणे ही निवेदनाची सचोटी होय. या तीन अंगांचे परस्परसंबंध आणि त्यांतील ताण यांचे दर्शन मराठीत अन्यत्र क्वचितच इतक्या स्पष्टपणे घडते.

पार्श्वभूमी : नगर परिसर आणि टिळक कुटुंब

ग्रंथातील जीवनपट जलालपूर, नाशिक, नागपूर, पंढरपूर, सातारा, मुंबई आणि कराची अशा अनेक ठिकाणी पसरलेला असला, तरी त्याचे नैतिक केंद्र अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यात आहे. अमेरिकन मराठी मिशनचे कार्य नगर येथे १८३१ मध्ये सुरू झाले. ‘ज्ञानोदय’ हे मराठी पत्रही याच शहरातून १८४२ मध्ये निघाले. शिक्षण, मुद्रण आणि धर्मप्रसार यांचे हे केंद्र, आणि त्याच्या सभोवती वारंवार दुष्काळाच्या तडाख्यात सापडणारा ग्रामीण प्रदेश, अशी या भूमीची दुहेरी ओळख होती. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबई येथे ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली व त्यानंतर त्यांचे कार्यक्षेत्र नगर हेच झाले. सुमारे पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई त्यांच्याकडे नगरला आल्या. नगर आणि राहुरी येथील त्यांच्या संसाराचे चित्र हा ‘स्मृतिचित्रे’चा अत्यंत समृद्ध भाग आहे.

या चित्राचा आरंभ मात्र बालपणीच्या सोवळ्यात आहे. १८५७ च्या उठावानंतर सासऱ्यांना फाशी झाली. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे पराकोटीला गेले, आणि घरात येणारी वस्तू न् वस्तू धुऊन घेण्याचा शिरस्ता पडला. ग्रंथाच्या प्रारंभी येणारे हे वर्णन वाचकाला हसवते. परंतु पुढील विवेचनाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे आहे. एका माणसाच्या मनातील भयाची आणि शुचितेच्या कल्पनेची अंमलबजावणी त्या घरातील बायकामुलांच्या हातून होत असते. नियम एकाचा आणि राबणूक दुसऱ्याची, ही व्यवस्था लक्ष्मीबाईंनी प्रथम माहेरी पाहिली. सासरी तिचे स्वरूप बदलले, ती नाहीशी झाली नाही.

निर्णयाची सचोटी : ना. वा. टिळक

टिळकांच्या व्यक्तिमत्त्वातील पारदर्शकता वादातीत आहे. धर्मांतराने त्यांना ऐहिक सुख मिळण्याची शक्यता नव्हती. उलट आप्त, समाज, पत्नी आणि मुलगा यांना अंतरण्याचा धोका समोर दिसत असतानाही त्यांनी पटलेली गोष्ट केली. आयुष्याच्या अखेरीसही, १९१७ मध्ये, त्यांनी मिशनच्या सेवेतून मुक्त होऊन ‘देवाचा दरबार’ या नावाने धर्मविचाराचा स्वतंत्र मार्ग आखला. मनात एक आणि आचरणात एक असा प्रकार त्यांच्याकडे नव्हता. दारी आलेल्या गरजवंताला घरातील पैसा देऊन टाकण्याची त्यांची वृत्तीही याच स्वभावाचा भाग होती.

लक्ष्मीबाई या गुणांचे मोल जाणतात. त्याच वेळी त्या वाचकाला या गुणांची दुसरी बाजूही दाखवतात. टिळक मनात येताच घर सोडून निघून जात. कुठे गेले याचा पत्ता घरच्यांना नसे. हातातील पैसा देऊन टाकल्यावर चूल कशी पेटणार, हा प्रश्न देणाऱ्याला पडत नसे, कारण त्याचे उत्तर शोधणारी व्यक्ती घरात होतीच. दीक्षेसंबंधीचा निर्णय तर पत्नीच्या अनुपस्थितीत झाला. त्या निर्णयाचे सामाजिक परिणाम मात्र तिच्या वाट्याला आले. परित्यक्ता नाही आणि विधवाही नाही, अशा अवस्थेत लहान मुलाला घेऊन नातलगांच्या आधाराने राहण्याची पाळी तिच्यावर आली.

येथे एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून घेतलेला निर्णय निर्णयकर्त्यापुरता शुद्ध असला, तरी त्याची झळ ज्यांना लागते त्यांना विचारल्यावाचून तो पूर्णपणे जबाबदार ठरतो काय? एकोणिसाव्या शतकातील सुधारक चरित्रांमध्ये हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तेथे त्यागाचे श्रेय त्यागी पुरुषाच्या नावे जमा होते. ‘स्मृतिचित्रे’ त्या हिशेबाची खर्चाची बाजूही मांडते, आणि तेही टिळकांचा मोठेपणा तसूभर कमी न करता.

निर्वाहाची सचोटी : लक्ष्मीबाई

लक्ष्मीबाईंच्या सचोटीचे स्वरूप समजून घेण्यासाठी त्यांच्या नगरकडील वास्तव्याचा आरंभकाळ विशेष उपयुक्त आहे. पतीकडे परत येताना त्यांनी पतीचा धर्म स्वीकारलेला नव्हता. आपले खाणेपिणे, आपले सोवळे आणि आपली श्रद्धा त्यांनी वेगळी ठेवली, आणि टिळकांनी त्यांवर सक्ती केली नाही. मागील निर्णय पत्नीला न विचारता घेणाऱ्या टिळकांच्या आचरणातील हा बदल लक्षणीय आहे. एकाच कुटुंबात दोन धर्म, दोन आचार नांदत होते. पतीमागून जायचे म्हणून मनाविरुद्ध दीक्षा घेणे लक्ष्मीबाईंना सोपे होते, कारण ती पतिव्रतेची रूढ वाट होती. त्यांनी ती घेतली नाही, हा त्यांच्या सचोटीचा पहिला पुरावा आहे.

दुसरा पुरावा जातिभेदासंबंधीच्या त्यांच्या चिंतनात सापडतो. जात ईश्वराने निर्माण केली की माणसाने, असा प्रश्न त्यांना एका रात्री पडतो. जन्म, मरण, शरीर यांबाबत माणसामाणसांत भेद दिसत नाही, मग हा भेद कोठून आला, अशा क्रमाने त्या विचार करतात आणि जातिभेद मनुष्यनिर्मित आहे या निष्कर्षाला येतात. त्यानंतर कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा त्यांचा निश्चय होतो. या प्रसंगातील दोन बाबी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, हा निष्कर्ष त्यांनी कोणाच्या व्याख्यानातून वा ग्रंथातून उचलला नाही. तो अत्यल्प शालेय शिक्षण लाभलेल्या स्त्रीने स्वयंपाकघरातील अनुभवाच्या आधारे काढलेला आहे. दुसरी अशी की, विचाराची परिणती सिद्धान्तात न होता पाण्याच्या तांब्यात होते. पटले ते दुसऱ्या दिवसापासून जेवणाखाण्यात उतरले पाहिजे, अशी ही सरळ रीत आहे. त्यांची ख्रिस्ती दीक्षा १९०० मध्ये, या सर्व आंतरिक प्रवासानंतर झाली.

याचा अर्थ निर्णयाची सचोटी लक्ष्मीबाईंकडे नव्हती असे नाही. ती टिळकांइतकीच होती. फरक आहे तो गतीचा आणि उत्तरदायित्वाचा. टिळकांचा निर्णय विजेसारखा येतो आणि आजूबाजूच्यांना भाजतो. लक्ष्मीबाईंचा निर्णय उशिरा येतो, परंतु त्याची किंमत त्या स्वतः मोजतात. बाळपणापासून अंगात मुरलेले सोवळे सोडताना होणारी कालवाकालव त्यांनी दुसऱ्या कोणावर लादलेली नाही.

तिसरा पुरावा संसाराच्या वर्णनात पानोपानी विखुरलेला आहे. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाचा आणि त्या सुमारास महाराष्ट्रात थैमान घालणाऱ्या प्लेगचा हा काळ. टिळकांच्या घरात अनाथ मुले आली, वाढली. पुढे त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, नगरच्या याच घरात मुलासारखे राहिले. मूल घरी आणण्याचा उदार निर्णय एका क्षणात होतो. त्या मुलाचे दुखणेखुपणे, रुसवे, कपडालत्ता आणि दोन वेळचे जेवण यांना मात्र वर्षे लागतात. लक्ष्मीबाई या कामाचे वर्णन सेवा, त्याग अशा मोठ्या शब्दांत करीत नाहीत. त्या तक्रार करतात, चिडतात, स्वतःच्या भाबडेपणावर हसतात आणि काम करीत राहतात. नीतीची भाषा न वापरता नीती दाखवण्याचे हे सामर्थ्य या ग्रंथाला वेगळेपण देते.

टिळकांच्या निधनानंतरची घटना या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. त्यांनी हाती घेतलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य ९ मे १९१९ रोजी झालेल्या त्यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले होते. त्याचा बहुतांश भाग लक्ष्मीबाईंनी रचून ते पूर्णत्वास नेले. ज्या स्त्रीला अक्षरओळखही लग्नानंतर झाली, तिने एका प्रथितयश कवीचे अपुरे काव्य पुरे करावे, याचे वाङ्मयीन आश्चर्य समीक्षकांनी नोंदवले आहे. नैतिक अंगाने पाहता त्यात आश्चर्य नाही. दुसऱ्याने आरंभिलेले आणि मध्येच सोडावे लागलेले काम तडीस नेणे, हेच त्या आयुष्यभर करीत आल्या होत्या.

निवेदनाची सचोटी

आत्मचरित्र लिहिताना दोन मोह संभवतात. एक स्वतःला सोडवण्याचा आणि दुसरा प्रिय व्यक्तीला देव करण्याचा. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या ग्रंथात पतीविषयीचा आदर निवेदनाची दिशा ठरवतो. तो ग्रंथ त्या मर्यादेत श्रेष्ठच आहे. आनंदीबाई कर्वे यांच्या ‘माझे पुराण’ (१९४४) मध्ये संस्थेला सर्वस्व वाहणाऱ्या पतीच्या घरात प्रपंच चालवताना होणारी ओढाताण मोकळेपणी येते. ‘स्मृतिचित्रे’ या दोहोंच्या मधल्या काळात उभा आहे. रमाबाईंचा आदर आणि आनंदीबाईंचा रोखठोकपणा ही दोन्ही टोके त्यात एकत्र नांदतात.

लक्ष्मीबाईंच्या निवेदनातील समतोल विनोदामुळे साधला जातो. हा विनोद टिळकांच्या विसराळूपणावर आणि तापटपणावर आहे, तितकाच तो स्वतःच्या अज्ञानावर, भित्रेपणावर आणि हट्टावरही आहे. दोघांनाही एकाच मापाने मोजल्यामुळे वाचकाचा निवेदकावर विश्वास बसतो. अन्याय सांगताना त्या आवाज चढवत नाहीत, आणि तो झाकूनही ठेवत नाहीत. पतीच्या धर्मांतरानंतरच्या काळातील आपली विकल अवस्था त्यांनी स्पष्टपणे मांडली आहे. ती वाचल्यानंतर टिळकांच्या निर्णयाकडे केवळ अध्यात्मिक विजय म्हणून पाहणे वाचकाला शक्य होत नाही. पण त्यांचा धिक्कार करणेही शक्य होत नाही. वाचकाला अशा अवघड जागी आणून सोडणे, हे सत्यकथनाचे खरे फळ होय.

मर्यादा आणि आक्षेप

वरील विवेचनावर काही आक्षेप घेता येतील, आणि त्यांचा विचार होणे आवश्यक आहे.

पहिला आक्षेप ग्रंथाच्या निर्मितीसंबंधी आहे. हे लेखन घटनांनंतर अनेक वर्षांनी, टिळकांच्या मृत्यूलाही दीड दशक उलटत असताना झाले. पुत्र देवदत्त टिळक यांचा त्यामागील आग्रह आणि साहाय्य सर्वज्ञात आहे. काळाच्या ओघात कटुता निवळली असेल, ख्रिस्ती श्रद्धेने भूतकाळाला क्षमेचा रंग दिला असेल, ही शक्यता नाकारता येत नाही. म्हणून ‘स्मृतिचित्रे’ हा त्या त्या क्षणीच्या भावनेचा दस्तऐवज न मानता, त्या भावनेशी पुढे झालेल्या समझोत्याचा दस्तऐवज मानणे अधिक योग्य ठरेल. परंतु तसे मानले तरी समझोत्यापूर्वीचे दुःख ग्रंथातून पुसले गेलेले नाही, हे लक्षात घ्यावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. निर्वाहाच्या सचोटीचा गौरव करणे म्हणजे स्त्रीच्या सोशिकपणाचा गौरव करणे नव्हे काय? पुरुषाने निर्णय घ्यावेत आणि स्त्रीने ते निभवावेत, या विषम वाटणीला समीक्षेने नैतिक अधिष्ठान द्यावे काय? हा आक्षेप टाळता येणार नाही. त्यासाठी सोसणे आणि सांभाळणे यांत भेद करावा लागतो. सोसणाऱ्या व्यक्तीला स्वतःचे मत असण्याची गरज नसते. सांभाळणारी व्यक्ती मात्र काय टिकवायचे आणि काय सोडायचे हे ठरवत असते. लक्ष्मीबाईंनी पती टिकवला, मुले टिकवली, आपली विवेकबुद्धी टिकवली. सोवळे आणि जात सोडली. ही निवड आहे. तरीही ही निवड करण्याची वेळ त्यांच्यावर दुसऱ्याच्या निर्णयामुळे आली, ही विषमता शिल्लक राहतेच. ग्रंथाने ती मिटवलेली नाही, आणि समीक्षेनेही ती मिटवू नये.

समकालीन प्रस्तुतता

दैनंदिन सचोटीची चर्चा नगर जिल्ह्याच्या संदर्भात होते, तेव्हा राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या गावांची आठवण होणे स्वाभाविक आहे. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी आणि नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे वैयक्तिक वर्तनाला सार्वजनिक नियमांचे रूप मिळाले. हिवरे बाजार येथे १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर श्रमदान, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि पाण्याच्या उपशावरील निर्बंध यांची घडी बसत गेली. आपल्या शेतात कूपनलिका घ्यावी की नाही, हा एकट्याचा प्रश्न नसून शेजाऱ्याच्या विहिरीचाही प्रश्न आहे, हे तेथे मान्य झाले. एकाच्या निर्णयाचे पाणी दुसऱ्याच्या विहिरीतून आटते, ही समज या प्रयोगाच्या मुळाशी आहे.

‘स्मृतिचित्रे’तील प्रश्न याच जातीचा आहे. फरक इतकाच की गावात ग्रामसभा असते. घरात ती नसते. गावातील निर्बंध ठरावाने होतात, त्यांची नोंद राहते, मोडणाऱ्याला जाब विचारता येतो. घरातील जबाबदारीची वाटणी मात्र कोणताही ठराव न होता ठरून गेलेली असते. नोकरी सोडणे, कर्जाला जामीन राहणे, आईवडिलांना गावाहून आणणे, सामाजिक कार्याला वाहून घेणे असे निर्णय आजच्या कुटुंबांतही एकाच्या तत्त्वनिष्ठेतून घेतले जातात आणि दुसऱ्याच्या दिनक्रमातून फेडले जातात. लाच न घेणाऱ्या कर्मचाऱ्याच्या घरात काटकसर कोणाला करावी लागते, आणि प्रामाणिकपणाचा सत्कार होतो तेव्हा हार कोणाच्या गळ्यात पडतो, हे पाहिले की लक्ष्मीबाईंच्या निवेदनाचा रोख ध्यानात येतो. त्यांचा रोख प्रामाणिकपणाविरुद्ध नाही. त्या प्रामाणिकपणाच्या हिशेबात सर्वांची नावे असावीत, एवढीच त्यांची अपेक्षा आहे.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१. ‘स्मृतिचित्रे’तील प्रांजळपणा हा केवळ शैलीगुण नसून तो एका नैतिक दृष्टीचा आविष्कार आहे. स्वतःला आणि प्रिय व्यक्तीला एकाच मापाने मोजणे हे त्या दृष्टीचे प्रमुख लक्षण होय.

२. ग्रंथात सचोटीची दोन रूपे समोरासमोर येतात. टिळकांची सचोटी निर्णयात प्रकटते आणि लक्ष्मीबाईंची निर्वाहात. ग्रंथ यांपैकी कोणत्याही एका रूपाला कमी लेखत नाही. मात्र निर्वाहावाचून निर्णयाची सचोटी अपुरी राहते, हे तो प्रसंगांतून दाखवून देतो.

३. लक्ष्मीबाईंचे आचरण निव्वळ पतिनिष्ठेने स्पष्ट करता येत नाही. पतीकडे परतल्यानंतरही स्वतःचा आचार राखणे, स्वतंत्र विचाराने जातिभेद सोडणे आणि त्यानंतरच दीक्षा घेणे, या क्रमावरून त्यांच्या विवेकाचे स्वातंत्र्य सिद्ध होते.

४. जबाबदारीच्या विषम वाटणीचा प्रश्न ग्रंथात सुटलेला नाही. तो सुटल्याचा आव न आणणे, हे ग्रंथाच्या निवेदनातील सचोटीचेच गमक आहे.

मराठी समाजाने सत्यनिष्ठ माणसांची चरित्रे आदराने वाचली आहेत, आणि ती वाचलीच पाहिजेत. त्या चरित्रांच्या शेजारी, त्या माणसांचे घर ज्यांनी चालवले त्यांचे लेखनही ठेवले, तर सत्यनिष्ठेचे पूर्ण चित्र हाती येईल. नगर आणि राहुरीच्या त्या गजबजलेल्या घरात, उसन्या पिठामिठाच्या आणि आजारी मुलांच्या मध्ये, लक्ष्मीबाईंनी ते चित्र जगून पाहिले. पुढे तेच त्यांनी कागदावर उतरवले.